माशादो दि आसीस: नवीन वाचकांना पडणारे (आणि जुन्यांना अजून छळणारे) प्रश्न

कोण हा माशादो? आम्ही तर नावच पहिल्यांदा ऐकतोय.

पूर्ण नाव जोआकिम मारिया माशादो दि आसीस. रिओ दि जानेरोचा, जन्म २१ जून १८३९, मृत्यू २९ सप्टेंबर १९०८. ब्राझीलमध्ये याला वाचल्याशिवाय शाळेतून कोणी सुटत नाही, त्यामुळे तिकडच्या पोरांसाठी तो आधी 'परीक्षेला असलेला लेखक' असतो आणि बऱ्याच जणांना तो किती डेंजर आहे ते मोठेपणी कळतं. नऊ कादंबऱ्या, दोनशेच्या आसपास कथा, पेपरातले सहाशेहून जास्त स्तंभ, वरून कविता, नाटकं, समीक्षा. अमेरिकन लेखिका-समीक्षक सुझन सोंटॅगने त्याला लॅटिन अमेरिकेने दिलेला सगळ्यात मोठा लेखक म्हटलंय. मग आपल्याला माहीत कसा नाही? कारण पोर्तुगीज. मार्केझ, बोर्हेस स्पॅनिशमधून जगभर गेले, याच्या मोठ्या कादंबऱ्या इंग्रजीत यायलाच १९५२-५३ उजाडलं, तोपर्यंत तो जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

म्हणजे पाउलो कोएलोसारखा का?

नाही हो. अजिबात नाही. कोएलो वाचून माणसाला आपण चांगले आहोत असं वाटायला लागतं, माशादो वाचून उलटं होतं. दोघांमधला एक धागा खरा आहे: माशादो ज्या ब्राझिलियन साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष होता, तिथे २००२ साली कोएलोची निवड झाली.

जन्म गरिबीत झाला म्हणतात, नक्की किती गरिबी?

फक्त गरीब म्हणून भागत नाही, प्रकार जरा गुंतागुंतीचा आहे. वडील फ्रान्सिस्को जोझे, घरांना रंग देणारे, त्यांचे आईवडील गुलामीतून मोकळे झालेले. आई मारिया लिओपोल्दिना, अझोर्स बेटांवरून आलेली पोर्तुगीज. हे कुटुंब लिव्रामेंतो नावाच्या टेकडीवर एका सिनेटरच्या श्रीमंत विधवेच्या वाडीत राहायचं, म्हणजे ना नोकर ना भाडेकरू, मालकिणीच्या मर्जीवर असलेले आश्रित. तीच विधवा माशादोची धर्ममाता. मर्जी कशी राखायची, मोठ्यांच्या घरात किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे सगळं या पोराने लहानपणीच पाहिलं, आणि त्याच्या कादंबऱ्यांमधून असे आश्रित पुन्हा पुन्हा येतात, मालकाच्या विनोदावर हसणारे, जेवणाच्या टेबलावर शेवटची खुर्ची मिळालेले.

त्या टेकडीपासून वालोंगोचा धक्का चालत जाण्याएवढ्या अंतरावर. आफ्रिकेतून पकडून आणलेले साधारण नऊ लाख लोक याच धक्क्यावर उतरवले गेले असं मानतात, २०१७ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा यादीत घेतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धाकटी बहीण लहानपणीच गेली, आई तो नऊ वर्षांचा असताना गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं.

शाळा नाही, कॉलेज नाही, मग एवढं शिकला कुठे?

छापखान्यात. पॉला ब्रितो नावाचा एक मिश्रवंशीय प्रकाशक होता, त्याचं पुस्तकांचं दुकान म्हणजे रिओतल्या लेखक मंडळींचा अड्डा, तिथे हा पंधरा-सोळाचा पोरगा घुसला आणि १८५५ मध्ये ब्रितोच्याच नियतकालिकात त्याची कविता छापून आली. मग १८५६ पासून सरकारी छापखान्यात शिकाऊ कंपोझिटर, तिथला प्रमुख मानुएल आंतोनियो दि आल्मेदा हा स्वतः कादंबरीकार, त्याने या पोराला सांभाळून घेतलं. नंतर पेपरात नोकरी, नाटकांवर लिहिणं, संसदेचं रिपोर्टिंग. फ्रेंच तर इतकं पक्कं केलं की १८६६ मध्ये व्हिक्तोर ह्युगोच्या कादंबरीचं भाषांतर केलं, पुढे एडगर अॅलन पोच्या 'रेव्हन' या कवितेचंही केलं. आणि हा माणूस आयुष्यात एकदाही ब्राझीलबाहेर गेलेला नाही, रिओबाहेरसुद्धा फार थोडा.

आता हेही बघा की लिहायचं कोणासाठी? १८७६ च्या एका स्तंभात त्यानेच जनगणनेचे आकडे घेऊन लिहिलंय की देशातल्या ७० टक्के लोकांना वाचताच येत नाही, आणि मग सगळे पुढारी 'राष्ट्राची इच्छा, राष्ट्राचं मत' म्हणतात ते नक्की कोणाचं, असं विचारून मोकळा झालाय.

लेखनावर पोट भरायचं का?

छे. सरकारी नोकरी. १८७३ पासून शेती, व्यापार आणि सार्वजनिक कामं बघणाऱ्या मंत्रालयात, आणि तिथेच चढत चढत वरपर्यंत गेला. वेळेवर ऑफिसला जाणारा, फायली नीट लावणारा माणूस. बरेच चरित्रकार हा भाग दोन ओळींत उरकतात, पण मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, का ते गुलामगिरीच्या प्रश्नात सांगतो.

बायकोबद्दल काय माहिती आहे?

कारोलिना, पोर्तो शहरातून आलेली, एका कवीची बहीण, वयाने त्याच्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी, भरपूर वाचलेली. नवरा मुलगा काळ्या वंशाचा म्हणून तिच्या घरून विरोध होता, तरी नोव्हेंबर १८६९ मध्ये लग्न झालं. पस्तीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. १८७८-७९ मध्ये तो चांगलाच आजारी पडला, डोळ्यांनी त्रास दिला, हवापालटासाठी दोघं नोव्हा फ्रिबुर्गो या डोंगरातल्या गावी जाऊन राहिली, आणि 'ब्रास कुबास' या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीचा काही भाग त्याने तिला तोंडी सांगून उतरवून घेतला. १९०४ मध्ये ती गेली. त्याने तिच्यावर लिहिलेलं सुनीत ब्राझीलमध्ये आजही लोकांना पाठ असतं. कादंबऱ्यांमध्ये इतका थंडगार असलेला माणूस त्या चौदा ओळींत पूर्ण उघडा पडलाय.

त्याचं एकच पुस्तक सांगा ज्यासाठी तो ओळखला जातो.

'मेमोरियास पोस्तुमास दि ब्रास कुबास', म्हणजे ब्रास कुबासच्या मरणोत्तर आठवणी. १८८० मध्ये मासिकातून क्रमशः, १८८१ मध्ये पुस्तक. सांगणारा माणूस मेलेला आहे. १८६९ च्या ऑगस्टमध्ये चौसष्टाव्या वर्षी न्यूमोनियाने वारला आणि आता वेळच वेळ आहे म्हणून आत्मचरित्र लिहितोय, अर्पणपत्रिका कोणाला, तर आपल्या प्रेताचं थंड मांस पहिल्यांदा कुरतडणाऱ्या किड्याला. १६० प्रकरणं, काही तर चार ओळींची. एक प्रकरण प्रेमिकांचा संवाद आहे आणि त्यात नुसती टिंबं आणि प्रश्नचिन्हं. मध्येच वाचकालाच झापतो की या पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष तू आहेस, तुला घाई आहे आणि पुस्तक सावकाश चालतंय.

पण गंमत फॉर्मची नाहीच, म्हणजे आहे, पण तिथेच थांबू नका. ब्रास कुबास हा श्रीमंत घरचा रिकामटेकडा. शिकला, डिग्री घेतली, काही केलं नाही, मंत्री व्हायचं होतं झाला नाही, जगातलं सगळं दुःख बरं करणारं मलम काढून त्यावर आपलं नाव छापायचं होतं तेही नाही. इतका गोड बोलतो, इतका हुशार की आपण त्याच्या बाजूने हसत राहतो, आणि मग लक्षात येतं की लहानपणी हा प्रुदेंसियो नावाच्या गुलाम पोराला घोडा करून त्याच्या पाठीवर बसून छडीने मारायचा आणि तेही त्याने तितक्याच गोडीत सांगितलं. पुढे प्रुदेंसियो मोकळा होतो, स्वतः एक गुलाम विकत घेतो आणि त्याला भर रस्त्यात चाबकाने मारतो. ब्रास ते बघतो, थोडा वेळ तत्त्वज्ञान सांगतो आणि पुढे निघून जातो. आपली एक जुनी मैत्रीण मार्सेला, तिच्याबद्दल म्हणतो तिने माझ्यावर पंधरा महिने आणि अकरा कोंतो प्रेम केलं. कोंतो म्हणजे हजार मिल-रेइस, भरपूर पैसा. या वाक्याला हसलात की तुम्ही त्याच्या टेबलावर जाऊन बसलात.

आधीच्या चार कादंबऱ्या साध्या रोमँटिक आणि मग एकदम हे? झालं काय मधे?

यावर ब्राझीलमध्ये लायब्रऱ्या भरल्यात. आजारपणाने बदलला, चाळिशीने बदलला, लॉरेन्स स्टर्न हा इंग्रज कादंबरीकार वाचून बदलला, सगळी उत्तरं आहेत. मला रोबेर्तो श्वार्त्स या समीक्षकाचं म्हणणं पटतं: आधीच्या 'एलेना', 'इयाइया गार्सिया' वगैरेंमध्ये तो गरीब आश्रितांच्या बाजूने लिहीत होता, श्रीमंतांनी जरा समजुतीने वागावं अशी आशा त्यात होती. मग ती सुटली, आणि त्याने माइकच श्रीमंताच्या हातात दिला, बोल बाबा तूच बोल. आणि मालक बोलत सुटला, जितका बोलला तितका उघडा पडला.

कापितूने फसवलं की नाही? (स्पॉइलर आहेत, पुस्तक वाचायचं असेल तर पुढच्या प्रश्नावर उडी मारा)

हा प्रश्न येणारच होता. 'दोम कास्मुरो' मध्ये, छापलंय १८९९ पण बाजारात आलं १९०० मध्ये, बेंतो सांतियागो नावाचा म्हातारा वकील आपली कहाणी सांगतो. शेजारची कापितू, लहानपणचं प्रेम, लग्न, मुलगा एझेकिएल, जिवलग मित्र एस्कोबार. एस्कोबार समुद्रात बुडून मरतो, प्रेताजवळ कापितू ज्या नजरेने बघते त्यावरून बेंतोच्या डोक्यात किडा शिरतो, मग मुलाचा चेहरा मित्रासारखा दिसायला लागतो, आणि शेवटी तो बायकोमुलाला स्वित्झर्लंडला पाठवून देतो.

साठ वर्षं बहुतेक समीक्षकांनी बेंतोचं ऐकून कापितूला दोषी धरलं. १९६० मध्ये हेलन कॉल्डवेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी, याच पुस्तकाच्या भाषांतरकार, आख्खं पुस्तक लिहून सांगितलं की अहो हा शेक्सपिअरचा, बायकोवर संशय घेणारा ऑथेल्लो आहे, आणि इथे ऑथेल्लोच वकीलपत्र घेऊन बसलाय, दुसऱ्या बाजूला बोलायला कोणी ठेवलेलंच नाही. तेव्हापासून भांडण चालू आहे. कॉलेजांमध्ये कापितूवर खोटे खटले भरवतात, बाजू मांडायला खरे वकील येतात.

माझं मत? पुराव्यातून 'हो' निघत नाही. पुस्तकातच एक जागा आहे, कापितूच्या मैत्रिणीचे वडील बेंतोला आपल्या वारलेल्या बायकोचं चित्र दाखवतात, ती हुबेहूब कापितूसारखी दिसते आणि दोघींचं काडीचं नातं नाही, आयुष्यात अशी साम्यं असतात असं ते म्हणतात. माशादोने हे फुकट टाकलेलं नाही. आणि बेंतो कसा माणूस आहे बघा: तो मुलाला विषाची कॉफी पाजायला निघालेला असतो. मुलगा मोठा होऊन तिकडे जेरुसलेमजवळ टायफॉइडने मरतो, ती बातमी आली त्या दिवशी हा नीट जेवला आणि नाटकाला गेला. आणि अशा माणसाच्या एकट्याच्या जबानीवर आपण निकाल द्यायचा?

स्वतः काळ्या वंशाचा असून गुलामगिरीबद्दल गप्प बसला, हा आरोप खरा आहे का?

आरोप जुना आहे आणि तो करणारे बहुतेक जण दोन-तीन कादंबऱ्या वाचून थांबलेले असतात.

आधी काळ समजून घ्या. १८७३ मध्ये आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापून अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्याच वर्षी माशादो मंत्रालयात लागला, आणि त्याच्या देशात गुलामी तेव्हा पूर्ण कायदेशीर होती. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी ब्राझीलने ती बंद केली, १३ मे १८८८ ला.

आता ती नोकरी. १८७१ चा एक कायदा होता, गुलाम आईच्या पोटी यापुढे जन्मणारी मुलं मोकळी, पण मालकाला ती २१ वर्षांची होईपर्यंत राबवून घेता येणार अशी मेख. मालकांनी आपल्या गुलामांची नोंदणी करायची, नाही केली तर तो माणूस मोकळा. साहजिकच मालक पळवाटा शोधत होते, आणि या तक्रारी ज्या विभागात यायच्या त्याचा प्रमुख होता माशादो. इतिहासकार सिद्नी शालोब यांनी त्या फायली उघडून दाखवलंय की माशादोचे शेरे कायद्याचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावणारे आहेत. भाषण नाही, सभा नाही, फाइलवर शेरा.

आणि लिहिलं नाही म्हणता? बंदी आल्यावर सहा दिवसांनी, १९ मे १८८८ च्या 'गाझेता दि नोतिसियास'मध्ये त्याचा स्तंभ आहे. सांगणारा म्हणतो मी कायदा यायच्या आधीच माझ्या अठरा वर्षांच्या पांक्रासियोला मोकळं केलं, त्यासाठी जेवण दिलं, भाषण ठोकलं, पाहुणे गहिवरले. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणतो आता तू मोकळा, हवं तर इथेच रहा, बारीकसा पगार देतो. आणि लगेच, बूट नीट घासले नाहीत म्हणून टपली, आणि मग कानाला धरणं, शिव्या, सगळं चालूच, आणि तो पोरगा हे सगळं मुकाट सोसतो, आणि या पुण्याईवर आपण निवडणूक लढवणार असं मालक जाहीर करतो. इतक्या ताज्या आनंदात असं लिहायला काय लागत असेल विचार करा.

'पाय कोंत्रा माय', बाप विरुद्ध आई, १९०६ च्या संग्रहातली कथा, ही मात्र वाचताना जपून. कांदिदो नेव्हेस हा पळालेले गुलाम पकडून देणारा, घरात पैसा नाही, तान्हं मूल अनाथाश्रमात सोडायची वेळ आलेली, आणि वाटेत त्याला अर्मिंदा दिसते, पळालेली गुलाम, पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलेलं, आणि गरोदर. तो तिला ओढत मालकाकडे नेतो, तिथेच तिचा गर्भ पडतो, याला पैसे मिळतात आणि हा आपलं मूल घेऊन घरी जातो. माशादो एक शब्द उपदेशाचा बोलत नाही. कथेची सुरुवात तर गुलामांना घालायच्या पत्र्याच्या मुखवट्याच्या आणि गळ्यातल्या लोखंडी कड्याच्या वर्णनाने आहे, अगदी दुकानातल्या वस्तूंची माहिती द्यावी तसं.

मग फोटोत तो गोरा का दिसतो?

कारण गोरा केलाय. मृत्यूच्या दाखल्यावर रंगाच्या रकान्यात 'गोरा' लिहिलं. तो गेल्यावर मित्र जोझे व्हेरिसिमोने लेखात त्याला मुलातो, म्हणजे काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाचा, म्हटलं, तर दुसरा मित्र जोआकिम नाबुको, जो गुलामी बंद करण्याच्या चळवळीतला सगळ्यात मोठा नेता बरं का, त्याने पत्र लिहून कळवलं की तो शब्द काढ, माझ्यासाठी माशादो गोराच होता, मला त्याच्यात ग्रीक तेवढा दिसला. २०११ मध्ये एका सरकारी बँकेने जाहिरातीत गोऱ्या नटाला माशादो केलं, बोंबाबोंब झाली, माफी मागून जाहिरात नव्याने शूट करावी लागली. २०१९ मध्ये साओ पाउलोच्या झुंबी दोस पाल्मारेस कॉलेजने त्याच्या प्रसिद्ध फोटोला खरा रंग देऊन तो लोकांना डाउनलोड करून पुस्तकांवर चिकटवायला सांगितला.

ब्राझीलचं जंगल, समुद्र, कार्निव्हल असलं काहीच कसं नाही त्याच्या पुस्तकात?

तेव्हाही लोक हेच विचारायचे. १८७३ च्या एका निबंधात त्याने उत्तर दिलंय, थोडक्यात असं की लेखक आपल्या काळाचा आणि देशाचा असतो तो आतून, पानोपानी झाडंझुडपं घालून नाही. त्याची पुस्तकं म्हणजे रिओच्या बैठकीच्या खोल्या.

आजारी असायचा का?

अपस्मार होता, बोलताना अडखळायचा, याबद्दल स्वतः जवळपास बोलायचाच नाही. बुद्धिबळाचा मात्र नाद, १८८० मध्ये ब्राझीलमधल्या पहिल्या स्पर्धेत खेळलाय.

शेवट कसा झाला?

कोस्मे व्हेल्यो रस्त्यावरच्या घरी. पाद्री बोलावू का विचारलं तर नको म्हणाला. मित्र लेखक बाहेर बसलेले, तेवढ्यात सतरा-अठराचा एक अनोळखी पोरगा आला, पुस्तकं वाचलीत एवढंच, म्हणाला भेटायचंय. आत सोडलं. त्याने गुडघे टेकून म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, चुंबन घेतलं, मिठी मारली आणि काही न बोलता निघून गेला. लेखक एउक्लिदेस दा कुन्या तिथे होता, त्याने हे लिहून ठेवलं, पोराचं नाव न देता. पुढे कळलं तो आस्त्रोजिल्दो पेरेरा, १९२२ मध्ये ब्राझीलचा कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्यांपैकी एक.

नोटेवर त्याचं चित्र होतं म्हणे?

होतं, १९८७ ची एक हजार क्रुझादोंची नोट. महागाई एवढी भडकली की १९८९ मध्ये त्याच नोटेवर शिक्का मारून तिची किंमत एक नवा क्रुझादो केली. त्याने यावर स्तंभ लिहिला असता.

हल्ली सोशल मीडियावर गाजला तो काय प्रकार?

२०२० मध्ये 'ब्रास कुबास'ची दोन नवी इंग्रजी भाषांतरं एकाच वेळी आली, त्यातलं पेंग्विनचं, फ्लोरा थॉमसन-डेव्हो यांनी केलेलं, एका दिवसात संपलं. मग २०२४ मध्ये प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचणाऱ्या एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ आला, हे वाचल्यावर आता मी उरलेलं आयुष्य काय वाचू अशा अर्थाचा, आणि ब्राझीलचे लोक आनंदाने वेडे झाले.

सुरुवात कुठून करू? मोठी कादंबरी झेपेल असं वाटत नाही.

'ओ अलिएनिस्ता'पासून करा, लांब कथा आहे, एका बैठकीत होते. इतागुआई गावात डॉक्टर सिमाओ बाकामार्ते वेड्यांचं इस्पितळ काढतो आणि शास्त्राच्या नावाखाली गावातल्या पाचापैकी चार माणसांना आत टाकतो, मग त्याला वाटतं एवढे सगळे वेडे असतील तर उरलेलेच वेडे असणार, सगळ्यांना सोडून शहाण्यांना पकडतो, शेवटचं काय होतं ते सांगत नाही. मग 'मिसा दो गालो', मध्यरात्रीच्या प्रार्थनेची वाट बघणारा एक सतरा वर्षांचा मुलगा आणि घरातली तीस वर्षांची बाई, काहीच घडत नाही आणि तुम्ही श्वास रोखून वाचता. 'तेओरिया दो मेदाल्याओ'पण घ्या, बाप मुलाला एकविसाव्या वाढदिवशी प्रतिष्ठित कसं व्हावं ते शिकवतो, मुख्य अट अशी की डोक्यात स्वतःचा एकही विचार येऊ द्यायचा नाही. मग 'ब्रास कुबास', मग 'दोम कास्मुरो', मग 'किंकास बोर्बा'.

रिओला गेलो तर बघायला काय आहे?

कोस्मे व्हेल्योचं घर पाडलंय. ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे जाणारी कोर्कोव्हादोची ट्रेन याच रस्त्यावरून सुटते, तेव्हा तुम्ही नकळत तिथून जाणारच. शहराच्या मध्यात अकादमीची इमारत आहे, पुढे त्याचा खुर्चीत बसलेला पुतळा. कबर आधी कारोलिनाशेजारी सां जोआओ बातिस्ताच्या दफनभूमीत होती, १९९९ मध्ये दोघांच्या अस्थी त्याच दफनभूमीतल्या अकादमीच्या स्मारकात हलवल्या.

पुस्तकं फुकट मिळतील का?

मूळ पोर्तुगीज सगळी कॉपीराइटमुक्त आहेत, ब्राझील सरकारच्या साइटवर कायदेशीर डाउनलोड होतात. गोव्यात ज्यांच्या घरात अजून पोर्तुगीज वाचणारं कोणी आहे किंवा जे गोवा विद्यापीठात ती भाषा शिकतायत, त्यांनी सरळ मूळच घ्या, प्रकरणं छोटी आहेत, डिक्शनरी शेजारी ठेवून जमतं. बाकीच्यांनी इंग्रजी भाषांतर घ्या, पण २०२० ची दोन्ही भाषांतरं अजून कॉपीराइटमध्ये आहेत, त्यामुळे फुकट पीडीएफ शोधत बसू नका.